जखमेचा दाखला

मुंबईहून कोंकणांत उतरणाऱ्या मनुष्यास वडखळचा नाका ठाऊक नाहीं, असें सहसा घडत नाहीं. पेण मागें टाकून मिठागरें व खारेपाट यांच्या कडेनें रस्ता पुढें आला कीं तो येथें दुभंगतो. एक फांटा धरमतरच्या खाडीवरील पूल ओलांडून अलिबागेस जातो. दुसरा नागोठणें, कोलाड, महाड असा दक्षिणेस थेट गोमंतकापर्यंत धांवतो. वाहनांच्या खोळंब्याबद्दल या नाक्यानें पुष्कळ वर्षें जी कीर्ति मिळविली तिच्यापायीं अनेकांनीं त्यास शिव्याशाप दिले असतील. परंतु खोळंबलेलीं माणसें एकमेकांशीं बोलूं लागतात, हा त्या खोळंब्याचा एक गुण मानला पाहिजे.

कांहीं महिन्यांपूर्वीं अलिबागच्या गाडीची वाट पाहत मी येथें उभा असतां सैन्यांतून परत आलेल्या एका नायकाची व माझी गांठ पडली. गांव जवळच्याच खारेपाटांतलें. हातांत प्लास्टिकची पिशवी, पिशवींत कागदांची चळत, आणि सर्वांत वरच्या कागदावर एक गोल शिक्का. पायदळांत असतांना उत्तरेकडील डोंगरांत उखळी तोफांच्या शेजारीं त्याचीं कांहीं वर्षें गेलीं. उजवा कान हळूहळू निकामी झाला आणि पुढें नोकरीहि गेली. वैद्यकमंडळानें व्याधीचा सैन्यसेवेशीं संबंध नाहीं असा शेरा मारला. अपंगत्वाचें पेन्शन मिळालें नाहीं. त्यानें अपील केलें. अपिलाचा निकाल त्या वरच्या कागदांत होता. मागणी मान्य झाली नव्हती, नामंजूरहि झाली नव्हती; प्रकरण फेरतपासणीसाठीं परत पाठविण्यांत आलें होतें, आणि तें परत येण्याची ही पहिली खेप नव्हती.

“सर, नाहीं म्हणाले असते तर गप घरीं बसलों असतों,” तो मला म्हणाला, “हो म्हणाले असते तर प्रश्नच मिटला असता. पण हें परत पाठवणें म्हणजे काय, तेंच मला उमजत नाहीं.”

कायदा हा माझा विषय नव्हे. मी इतिहास शिकवितों. तथापि त्या नायकाच्या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आपल्या या जिल्ह्यापासून फार दूर सुरू होत नाहीं.

प्रतापगडचें युद्ध १० नोव्हेंबर १६५९ रोजीं झालें. त्या युद्धानंतर शिवाजीमहाराजांनीं काय केलें, याचें वर्णन करितांना कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत एक बारीक तपशील नोंदून ठेविला आहे. जखमी लोकांस प्रत्येकीं २५, ५०, १०० किंवा २०० होन देण्यांत आले, आणि कोणास किती द्यावयाचे तें जखम पाहून ठरविण्यांत आलें. जे पडले त्यांच्या मुलांचा सांभाळ करण्यांत आला; ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निम्में वेतन बांधून देण्यांत आलें. सभासद हा राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहीत होता. घटना घडून तीन तपांच्या आसपास काळ लोटला होता. म्हणून त्याच्या आंकड्यांवर हिशेबनिसासारखी भिस्त ठेवणें बरें नव्हे. परंतु आंकडे थोडे इकडचे तिकडे झाले तरी एक गोष्ट शिल्लक राहतेच. नुकसानभरपाईला पायऱ्या होत्या, त्या पायऱ्या जखमेच्या मानानें होत्या, आणि जखम पाहणारा व पैसा देणारा हे दोघे एकाच ठिकाणीं उभे होते.

पेशवाईंत हा प्रकार दप्तरांत शिरला. सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशांतून गणेश चिमणाजी वाड यांनीं जे वेंचे काढले, ते चाळणारास ‘बालपरवेशी’ हा शब्द वारंवार भेटतो. कामास आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठीं जी नेमणूक करून देत तिला हें नांव होतें. शब्दांतच सगळा हिशेब आहे! सरकारनें मुलांची ‘परवरिश’ करावयाची, कारण करणारा सरकारच्या कामीं खर्ची पडला. अर्थात् हें सर्व धन्याच्या मर्जीवर होतें. मराठी राज्यांत कोणी शिपाई नेमणूक कमी मिळाली म्हणून न्यायाधीशाकडे गेला नसता. फार तर सरदाराच्या वशिल्यानें पुन्हां अर्ज केला असता. त्या काळाचें कौतुक करितांना हें विसरूं नये.

कंपनी सरकारनें मर्जीच्या जागीं नियम आणला, आणि नियमाबरोबर कारकून. बंगालचा नबाब मीर जाफर यानें क्लाइव्हला मृत्युपत्रानें दिलेल्या पांच लक्ष रुपयांतून १७७० सालीं कंपनीच्या निकामी झालेल्या गोऱ्या सैनिकांसाठीं एक निधि उभा राहिला. एका नबाबाच्या पैशानें इंग्रज लंगड्यांचा चरितार्थ चालावा, ही इतिहासाची थट्टा जातां जातां नोंदण्यासारखी आहे. देशी शिपायांसाठीं ‘इन्व्हलिड’ हा वर्ग निराळा ठरला. आमच्या कोंकणांत या व्यवस्थेचें मोठें ठिकाण म्हणजे दापोलीची छावणी. तेथें लष्करी पेन्शनरांची वस्तीच वसली. १८८६ सालीं सैन्यांतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर याच दापोलीचे. त्यांचें ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ सालीं प्रसिद्ध झालें. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेहि निवृत्तीनंतर कांहीं काळ दापोलीस राहिले. गांवच्या वतनदाराकडे हात न पसरतां महिन्याच्या महिन्यास रोकड हातीं येणें, याचा अर्थ त्या काळच्या महार कुटुंबास काय होता, हें ज्यानें कोंकणांतील खेडें पाहिलें आहे त्यास सांगावयास नको. माझें तर असें मत आहे कीं, वलंगकरांच्या लेखणीला जो निर्भयपणा आला त्यांत त्यांच्या पेन्शनचाहि वांटा होता.

पण हें पेन्शन म्हणजे हक्क होता कीं दान? सरकारनें याचें उत्तर १८७१ सालीं कायद्यांतच लिहून ठेविलें. त्या सालच्या पेन्शन-कायद्याच्या चवथ्या कलमान्वयें पेन्शनविषयक दावा ऐकण्यास दिवाणी न्यायालयांस मनाई करण्यांत आली. मागणी करावयाची ती कलेक्टरकडे, आणि न्यायालयांत जावयाचें असल्यास त्याच अधिकाऱ्याचा दाखला हवा. महाराष्ट्रांतील इनामदारांस हा कायदा चांगलाच परिचयाचा झाला, कारण इनामें व रोख नेमणुका यांच्यावरहि त्याचा अंमल चाले. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच परवानगीनें तक्रार करावयाची, असा हा बंदोबस्त होता. शिपायाच्या बाबतींत त्याचा परिणाम असा झाला कीं, वैद्यानें काय लिहिलें व हिशेबखात्यानें काय वाचलें, यापलीकडे तिसरा डोळाच उरला नाहीं.

तरवारीची जखम होती तोंवर हें एक वेळ निभावलें. पहिल्या महायुद्धानें मात्र सैनिकाच्या दुखण्याचें स्वरूपच बदलून टाकलें. मेसोपोटेमियांतील कुत-अल-अमारा येथें ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जनरल टाउनशेंड याची जी फौज वेढ्यांत सांपडली ती पुण्याची सहावी डिव्हिजन. आणि तींत १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. रत्नागिरी, सातारा, कुलाबा या भागांतले अनेक तरुण त्या पलटणींत होते. (आजचा रायगड जिल्हा १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता, हें तरुण वाचकांसाठीं सांगतों.) वेढ्यांत गोऱ्या शिपायांस पांढऱ्या मैद्याची रोटी मिळे; त्यांस बेरीबेरी झाली. देशी शिपाई कोंड्यासह दळलेलें पीठ खात असल्यामुळें त्या रोगापासून बचावले. परंतु भाजीपाला नाहीं, आणि घोड्याचें मांस बहुतेकांनीं पुष्कळ दिवस नाकारलें, यामुळें त्यांच्या हिरड्यांतून रक्त वाहूं लागलें, सांधे धरले, स्कर्व्हीनें माणसें झिजलीं. शरणागतीनंतर सुमारें तेरा हजार माणसें तुर्कांच्या कैदेंत गेलीं, आणि त्यांपैकीं हजारोंच्या नशिबीं परत येणें नव्हतें. त्या मोहिमेंत वैद्यकीय व्यवस्थेची जी दाणादाण उडाली तिची चौकशी करण्यासाठीं खास आयोग बसला, आणि १९१७ सालीं त्याचा अहवाल बाहेर आला तेव्हां लंडनच्या पार्लमेंटांत हाहाकार माजून भारतमंत्र्यास राजीनामा द्यावा लागला.

आतां या फौजेंतला एखादा कुलाब्याचा शिपाई घरीं परत आला आहे अशी कल्पना करावी. त्याच्या अंगावर दाखवावयास जखम नाहीं. दांत गेले आहेत, दम लागतो, रात्रीं ओरडून उठतो. सभासदाच्या पद्धतीनें या मनुष्यास किती होन द्यावे? जखम पाहून द्यावयाचे, पण पाहणार काय? येथून पुढें अपंगत्वाच्या पेन्शनचा सगळा इतिहास म्हणजे एकाच प्रश्नाचा इतिहास आहे: हें दुखणें सैन्यसेवेमुळें जडलें कीं मनुष्य तें घरूनच घेऊन आला होता? आणि तें सिद्ध कोणीं करावयाचें?

अवयव गमावलेल्यांची सोय तुलनेनें लवकर झाली. लेडी विलिंग्डन यांनीं १९१७ सालीं मुंबईंत अपंग देशी सैनिकांसाठीं क्वीन मेरी यांच्या नांवानें धंदेशिक्षणाची शाळा काढली; ती पुढें खडकीस गेली. दुसऱ्या महायुद्धांत १९४४ सालीं पुण्यास कृत्रिम अवयव-केंद्र निघालें. तुटलेला पाय कोणालाहि दिसतो. वाद होत राहिला तो न दिसणाऱ्या दुखण्यांचा.

इंग्लंडांत या वादाला १९१९ सालीं तोंड फुटलें. तेथील लोकमताच्या रेट्यानें सैनिकास पेन्शनचा कायदेशीर हक्क मिळाला आणि पेन्शन-मंत्रालयाविरुद्ध अपील ऐकण्यास स्वतंत्र न्यायमंडळें बसलीं. तो कायदा त्या देशाच्या फौजेपुरता होता. त्याच युद्धांत लढलेला मराठा शिपाई १८७१ च्या कायद्याखालींच राहिला. तथापि खरी क्रांति झाली ती १९४३ सालीं. तोंवर आपलें दुखणें युद्धामुळें जडलें, हें सैनिकानें शाबीत करावें अशी रीत होती. ती उलटी करण्यांत आली. सैनिकावर पुराव्याचा भार नाहीं, आणि रास्त संशय असेल तेथें त्याचा फायदा सैनिकाला, असें ठरलें. या नव्या नियमान्वयें येणारीं अपिलें ऐकण्याचें काम युद्धोत्तर काळांत न्यायमूर्ति डेनिंग यांच्याकडे आलें. आमच्याकडील वकील मंडळी फौजदारी खटल्यांत ‘रास्त संशयापलीकडील पुरावा’ म्हणजे काय, हें सांगतांना डेनिंग यांच्या १९४७ च्या ज्या निकालाचा हवाला देतात, तो निकाल कोणा खुन्याच्या खटल्यांतला नसून एका मृत सैनिकाच्या पेन्शनच्या अपिलांतला आहे. किती वकिलांस हें ठाऊक असेल याबद्दल मला शंका आहे.

स्वतंत्र हिंदुस्थानांत सैन्याचे पेन्शननियम १९६१ सालीं नव्यानें ग्रथित झाले. त्यांतील १७३ व्या नियमानें दोन अटी घातल्या: अपंगत्व सैन्यसेवेमुळें उत्पन्न झालेलें किंवा सेवेमुळें वाढलेलें असावें, आणि त्याचें प्रमाण शेंकडा २० किंवा त्याहून अधिक असावें. शेंकडा १९ असेल तर कांहीं नाहीं! पुढें १९८२ च्या हक्कनियमांत इंग्लंडांतील १९४३ चें तत्त्व जवळजवळ त्याच शब्दांत आलें. भरतीच्या वेळीं डॉक्टरांनीं व्याधीची नोंद केली नसेल तर मनुष्य निरोगी दाखल झाला असें समजावें. मागणी करणारास पुरावा मागूं नये. संशयाचा फायदा त्याला द्यावा. कागदावर यापेक्षां अधिक उदार नियम लिहितां येणें कठीण आहे. दरम्यान १९७१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, पेन्शन ही सरकारची कृपा नसून तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे असें सांगितलें, आणि त्यासाठीं रिट अर्ज करण्यास १८७१ चा तो जुना अडसर आड येत नाहीं असेंहि ठरविलें. शंभर वर्षांनीं दार उघडलें.

दार उघडलें खरें, परंतु आंत गेलेल्या माणसाच्या वाट्यास काय आलें तें पाहण्यासारखें आहे. शिपायास निरोप देण्यापूर्वीं वैद्यकमंडळ त्याला तपासी व आपला अभिप्राय लिही. तो अभिप्राय अलाहाबादेस, म्हणजे आजच्या प्रयागराजास, संरक्षण-हिशेबखात्याच्या पेन्शन-कचेरींत जाई. आणि तेथील वैद्यकीय सल्लागार शिपायास न पाहतां, केवळ कागद पाहून, मंडळाचा अभिप्राय फिरवूं शके. मंडळानें शेंकडा ३० म्हटलें तर येथें तें २० च्या खालीं उतरे. मंडळानें ‘सेवेमुळें वाढलेलें’ म्हटलें तर येथें ‘संबंध नाहीं’ होई. १९९३ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें एका सॅपरच्या प्रकरणांत हें बंद केलें. ज्या तज्ज्ञांनीं रोग्यास प्रत्यक्ष तपासलें त्यांचें मत, वरच्या मंडळाकडून पुन्हां प्रत्यक्ष तपासणी करविल्याशिवाय हिशेबखात्यास बदलतां येणार नाहीं, असा तो निर्णय. तत्त्व शहाणपणाचें होतें. पण त्यांतूनच एक नवी वाट निघाली. मत बदलावयाचें तर पुन्हां तपासणी हवी. मग कोठेंहि संशय आला कीं ‘पुन्हां तपासणी करा’ असें लिहून प्रकरण परत पाठविणें, हा सर्वांसच सोयीचा मार्ग झाला.

इंग्रजी न्यायपद्धतींत यास रिमांड म्हणतात. आपल्या वाचकांस हा शब्द पोलिसांच्या कोठडीमुळें ऐकून माहीत असतो. परंतु त्याचा मूळ अर्थ, परत पाठविणें, एवढाच आहे. वरच्या न्यायासनास खालच्या निर्णयांत दोष दिसतो, पण दोष दुरुस्त करण्यास लागणारी माहिती त्याच्यापाशीं नसते. म्हणून तें प्रकरण खालीं धाडतें. यांत गैर कांहीं नाहीं. न्यायाधीशानें डॉक्टर होऊं नये, ही मर्यादा चांगलीच आहे, आणि सरकारचा पैसा म्हणजे अखेर आपणां सर्वांचा पैसा असल्यामुळें मागेल त्याला पेन्शन द्यावें असेंहि कोणी म्हणणार नाहीं. अमेरिकेंत तर १९८८ पर्यंत माजी सैनिकाच्या मागणीवरील निर्णय न्यायालयांत नेण्याची सोयच नव्हती. त्या सालीं ती झाली, खास न्यायालय निघालें, आणि त्या न्यायालयानें प्रकरणें इतक्या वेळां परत पाठविलीं कीं, तेथील वकील या फेऱ्यांस पिंजऱ्यांतल्या उंदराचें चाक म्हणूं लागले. म्हणजे दुखणें केवळ आपलें नव्हे.

आमच्याकडे २००७ च्या कायद्यान्वयें सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन होऊन २००९ च्या ऑगस्टपासून त्याचें काम सुरू झालें. महाराष्ट्र, गुजरात व गोवा यांच्यासाठीं मुंबईस पीठ आलें. वडखळच्या शिपायास दिल्लीऐवजीं मुंबईस दाद मागतां येऊं लागली, हा लाभ लहान नव्हे. पीठावर एक निवृत्त न्यायाधीश व एक निवृत्त सेनाधिकारी बसतात. जागा रिकाम्या राहिल्यामुळें अनेक पीठांचें काम वेळोवेळीं अडलें, हेंहि खरें. २०१५ ते २०२३ या काळांत न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयानें जवळजवळ बंद झाली होती. ती त्याच न्यायालयानें २०२३ च्या मार्चमध्यें पुन्हां मोकळी केली.

आतां जुलै २०१३ मधील दोन निकाल शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. पहिला सिग्नल दलांतील एका शिपायाचा. १९८५ सालीं भरती, १९९४ सालीं अपस्माराच्या कारणानें निरोप, अपंगत्व शेंकडा २०, आणि मंडळाचा शेरा, सेवेशीं संबंध नाहीं. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं त्यास पेन्शन दिलें, खंडपीठानें तें काढून घेतलें. सर्वोच्च न्यायालयानें १९८२ चे नियम एकेक उलगडून दाखविले: भरतीच्या वेळीं नोंद नाहीं, मंडळानें आपल्या शेऱ्याला कारण दिलेलें नाहीं, पुराव्याचा भार शिपायावर नाहीं; सबब पेन्शन द्या. परत पाठविण्याचें कारणच उरलें नाहीं. शिपायाचीं एकोणीस वर्षें गेलीं, परंतु निकाल लागला.

दुसरें प्रकरण १९७७ सालीं मानसिक व्याधीच्या कारणानें घरीं पाठविलेल्या शिपायाचें. येथेंहि न्यायालयानें मंडळाच्या शेऱ्यावर कडक टीका केली. कारणांवांचून एवढा गंभीर निष्कर्ष काढला कसा, असें विचारलें. वैद्यकशास्त्राचे ग्रंथ उघडून त्या रोगाचीं लक्षणें पाहिलीं. आणि मग आज्ञा दिली ती अशी कीं, या मनुष्यास फेरतपासणी-मंडळापुढें न्यावें, आणि नोकरींतून काढतेवेळीं त्याला खरोखर तो रोग होता काय, हें मंडळानें शोधून काढावें. ३६ वर्षांपूर्वींचें मन ३६ वर्षांनंतर तपासावयाचें! डॉक्टरांनीं तें कसें तपासावें? तपासणार ते त्या दिवशीं समोर बसलेल्या वृद्धास. आणि लिहिणार तें एका तरुणाविषयीं, ज्याला त्यांच्यापैकीं कोणींहि पाहिलेलें नाहीं.

मला येथेंच या सर्व पद्धतीचें मर्म सांपडतें. फेरतपासणीची आज्ञा असें गृहीत धरून चालते कीं, मधल्या काळांत जखम होती तशीच थांबून राहिली आहे. कागद फाईलींत थांबतो. शरीर थांबत नाहीं. कान वयानेंहि जातो, रक्तदाब घरच्या विवंचनेनेंहि वाढतो, आणि मग नवें मंडळ प्रामाणिकपणेंच म्हणूं शकतें कीं, आज दिसणाऱ्या व्याधींत सेवेचा वांटा कोणता व वयाचा कोणता हें सांगतां येत नाहीं. नियम म्हणतो, संशयाचा फायदा शिपायास द्या. पण तो संशय उत्पन्न झाला कालावधीमुळें, कालावधि गेला फेऱ्यांमुळें, आणि फेऱ्यांचें मूळ कारण बहुधा पहिल्या मंडळानें आपल्या मताचें कारण न लिहिणें हेंच असतें. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं म्हटल्याप्रमाणें, भरतीच्या वेळीं व्याधि न दिसणें हा जर कोणाचा निष्काळजीपणा असेल तर तो सरकारचा, आणि त्याचा नफा सरकारला देतां येणार नाहीं. फेरतपासणीच्या खेपांनाहि हाच न्याय लावावयास काय हरकत आहे?

त्यांतच कागदहि नेहमीं थांबतोच असें नाहीं. ज्यास पेन्शन नाहीं अशा शिपायाचीं सेवापत्रें २५ वर्षांनीं नष्ट करावीं, असा सैन्याचा नियम आहे. जागेची टंचाई लक्षांत घेतां कोणत्याहि दप्तरखान्यांत असा नियम लागतोच. परंतु ज्याची तक्रारच ‘मला पेन्शन दिलें नाहीं’ अशी आहे, त्याचे कागद त्याला पेन्शन नाहीं म्हणूनच जाळले जावे, हा प्रकार इतिहासाच्या अभ्यासकास तरी अस्वस्थ करील. भरींत २००८ च्या नियमांनीं, निवृत्तीनंतर १५ वर्षांनीं केलेल्या मागणीपुरता पुराव्याचा भार मागणी करणारावर टाकला. उशिरा आलेल्या मनुष्याविषयीं साशंक असणें मी समजूं शकतों. पण खेड्यांतील शिपाई उशिरा येतो तो पुष्कळदां एवढ्यासाठींच कीं, असा हक्क असतो हें त्यास दुसऱ्या कोणाचा निकाल वर्तमानपत्रांत आल्यावर कळतें.

सरकारास याची जाणीव झाली नाहीं असें नाहीं. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असतांना २०१५ सालीं त्यांनीं तज्ज्ञांची एक समिति नेमली. आपल्याच सैनिकांविरुद्ध, विशेषतः अपंगत्वाच्या पेन्शनबाबत, सरकार जीं अपिलें करीत सुटतें तीं आवरावीं, असा तिचा सल्ला होता. त्याउलट २०२३ च्या सप्टेंबरांत आलेल्या नव्या हक्कनियमांनीं अटी आवळल्या, अशी माजी सैनिकांच्या संघटनांची तक्रार आहे. खोट्या मागण्या रोखणें हें त्यांचें समर्थन. खोट्या मागण्या असतात, हें मलाहि मान्य आहे. प्रतापगडाखालींहि कोणी ओरखड्यावर होन मागितले असतील. पण तेथें पाहणारानें जागच्याजागीं पाहून काय तें ठरविलें.

हें सर्व मीं त्या नायकास नाक्यावर सांगितलें, असें वाचकांनीं समजूं नये. त्यांतलें बरेंच मीं मागाहून वाचून काढलें. त्या दिवशीं त्यानें तो कागद माझ्या हातीं दिला आणि इंग्रजी मजकूर मराठींत सांगावयास विनविलें. मीं वाचून दाखविलें. अमुक इस्पितळांत अमुक दिवशीं हजर राहावें, पूर्वींचे सर्व वैद्यकीय कागद सोबत आणावे, असें लिहिलें होतें. “ते कागद तर त्यांच्याकडेच आहेत,” तो म्हणाला. मीं पुन्हां वाचलें. मजकूर तोच होता. मग त्यानें कागदाची घडी घालून पिशवींत ठेविली, आणि यंदा खारेपाटांत भाताला पाणी कसें लागेल यासंबंधीं आम्हीं बोलत राहिलों. थोड्या वेळानें अलिबागची गाडी आली. कंडक्टर ओरडत होता, पण मी नायकाच्या उजव्या बाजूस होतों व गाडीहि त्याच अंगास उभी राहिली. म्हणून त्याच्या खांद्याला हात लावून मला ती त्यास दाखवावी लागली.